कुणाला काय सांगायचं, कुणाकडे काय मागायचं: विशेष मुलांच्या आईबाबांसाठी

आमचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. स्वमग्नता (ऑटिझम) आणि जोडीला बौद्धिक दिव्यांगत्व, असं त्याच्या प्रमाणपत्रावर आहे. तो साडेतीन वर्षांचा असताना डॉक्टरबाईंनी निदान सांगितलं आणि म्हणाल्या, "थेरपी सुरू करा." कुठली, कुठे, किती दिवस, घरी सासूबाईंना काय सांगायचं, प्लेग्रुपच्या बाईंना सांगायचं की नाही, यातलं काहीच त्या दहा मिनिटांत मावलं नाही. रिक्षात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. लेक मात्र खिडकीतून दिसणारे दिव्याचे खांब मोजल्यासारखी मान हलवत होता.

आज कुणाच्या घरी हीच वेळ आली असेल तर हे वाचा. आम्हाला जे चुकत-माकत कळलं ते क्रमाने लिहिते आहे. आम्ही सांगलीला राहतो, त्यामुळे सरकारी योजनांचं जे लिहिलंय ते महाराष्ट्रापुरतं आहे. मुलाला सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, कर्णबधिरत्व असं दुसरं काही असेल तरी वाट बरीचशी हीच.

कागद लवकर करा, असं सगळेच सांगतात. मी त्यात एक भर घालते. माणसांचं कामही तितक्याच लवकर सुरू करा. "जरा समजून घ्या हो" म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच वागतात. त्याच माणसाला एखादं छोटं, नेमकं काम सांगितलं तर तो ते करतो, आणि करता करता मुलाला ओळखायला लागतो. आमच्या घरी, बिल्डिंगमध्ये, शाळेत, सगळीकडे असंच झालं.

१. घरातल्यांना एकाच दिवशी, एकत्र बसवून सांगा

आम्ही तीन महिने लपवलं. मग यांनी दिरांना थोडं सांगितलं, मी माझ्या बहिणीला थोडं सांगितलं, आणि सासूबाईंना ते कामवाल्या मावशींकडून कळलं. त्या आठवडाभर जेवायला आमच्याबरोबर बसल्या नाहीत. त्यांचा राग नातवावर नव्हता. आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला बाहेरून कळते, हे त्यांना लागलं होतं.

म्हणून रविवार बघा, सगळे घरी असतील असा. बोलणं लांबवू नका. मी आता नव्या पालकांना अशी चार वाक्यं सांगते: त्याला हे आहे. हे कुणाच्या वागण्यामुळे, खाण्यामुळे, मोबाइलमुळे किंवा लसीमुळे झालेलं नाही. हे औषधाने जाणारं नाही, पण शिकवलं तर तो पुष्कळ शिकेल. त्यासाठी मला तुमच्याकडून अमुक एक काम हवंय.

तिसऱ्या वाक्याशी घरात खळखळ होणारच. "याचे बाबापण उशिराच बोलायला लागले होते" हे प्रत्येक घरात म्हटलं जातं. आमच्याकडे वेखंड उगाळून जिभेला लावायचं सुरू झालं, गावाकडच्या देवाला नवस झाला. नवसाला मी कधीच आड आले नाही, त्याने आजीला धीर येत होता. वेखंड मात्र बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून बंद करवलं, कारण माझ्या तोंडून ते बंद झालं नसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा तपासणीच्या खोलीत आत घेऊन जा. त्यांचे प्रश्न त्यांना स्वतः विचारू द्या.

चौथ्या वाक्याने आमचं घर बदललं. व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "आजी, याच्या बोटांत जोर नाही. कपडे वाळत घालताना चिमटे याला लावू द्या." दुसऱ्या दिवसापासून गच्चीत दोघांचा कार्यक्रम सुरू झाला. आधी आजी त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून चिमटा दाबायच्या. चिमटा सटकायचा, तो चिडायचा, खाली बसायचा. दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी त्याने स्वतः एक निळा चिमटा टॉवेलवर लावला आणि आजींकडे बघितलं. सासूबाई गच्चीतूनच मला हाका मारत होत्या. त्यानंतर "कसं होणार याचं" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी फार क्वचित ऐकलं. पाहुण्यांना त्या सांगायच्या, "आमचा कपडे वाळत घालतो."

२. तपासणी कुठे करायची

मूल बोलत नसेल तर आधी कानांची तपासणी, बेरा चाचणी, करून घ्या. ऐकायलाच येत नसेल तर पुढची दिशाच बदलते. त्यानंतर विकासाचं मूल्यमापन.

खासगी दवाखान्यात जायच्या आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतात, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली मिळावेत अशी रचना आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांना हे मोफत आहे. एखादं पद रिकामं असेल तर तेवढ्यापुरतं बाहेर जा. अंगणवाडी सेविकेला विचारलंत तर पथक कधी येणार हे ती सांगते.

मुंबईच्या आसपास असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवण आणि वाचेसाठी, आणि खारघरचं राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र बौद्धिक दिव्यांगत्वासाठी माहीत असू द्या. दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था आहेत.

इथला सगळ्यात मोठा धोका म्हणजे "सहा महिन्यांत बोलतं करतो" म्हणणारी माणसं. आम्ही अशा एका ठिकाणी चाळीस हजार रुपये घालवले. स्टेम सेलच्या जाहिरातींपासून तर लांबच राहा. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. दागिने मोडून लाखो रुपये भरलेले पालक मी पाहिले आहेत, म्हणून इतकं ठासून लिहिते.

चांगला थेरपिस्ट ओळखायची माझी खूण साधी आहे. तो तुम्हाला आत बसू देतो आणि घरी काय करायचं ते शिकवतो. दार लावून घेणारा आणि पंचेचाळीस मिनिटांनी "आज छान केलं" एवढंच सांगणारा नको. आठवड्याच्या दोन सेशनपेक्षा घरातले रोजचे चिमटे जास्त काम करतात.

३. एक फाईल करा, आजच

जाड कव्हरची, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. तिच्यात हे ठेवा:

- जन्मदाखला, मुलाचं आधार कार्ड, आईवडिलांची आधार कार्डं, रेशनकार्ड
- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (उशिरा रडणं, काचेच्या पेटीत ठेवणं, कावीळ हे सगळं त्यात असतं)
- सर्व चाचण्यांचे मूळ अहवाल, तारखेच्या क्रमाने
- पासपोर्ट आकाराचे दहा फोटो
- रहिवासी दाखला, आणि योजनेला लागत असेल तर उत्पन्नाचा दाखला
- एक साधी वही

वहीत मूल कधी बसलं, कधी चाललं, पहिला शब्द कोणता आणि कधी, झटका आला का, कोणतं औषध चालू होतं, हे लिहा. प्रत्येक नवा डॉक्टर हेच विचारतो आणि आयत्या वेळी आठवत नाही. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

आणि आत्ताच एक बघून ठेवा: जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का? आमच्याकडे एका अक्षराचा फरक होता. त्यापायी सात महिने गेले.

४. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र)

"शिक्का बसेल" म्हणून पुष्कळ पालक हे टाळतात. आम्हीही वर्षभर टाळलं. त्या वर्षात मुलाचं दिव्यांगत्व होतं तेवढंच होतं, फक्त हक्काच्या सवलती गेल्या. ते कार्ड फाईलमध्ये असतं, मुलाच्या कपाळावर नसतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. घरून जमत नसेल तर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात करून मिळतो. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा एवढं लागतं. अर्ज झाला की नोंदणी क्रमांक येतो, तो वहीत लिहा. मग तुम्ही निवडलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. ठरावीक प्रकारांची तपासणी ठरावीक वारीच असते, तो वार आधी विचारून घ्या. स्वमग्नतेसाठी 'इसा' ही भारतीय प्रश्नावली वापरतात, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी.

आमची पहिली फेरी वाया गेली. सकाळी नऊला गेलो, दुपारी दोनपर्यंत रांगेत बसलो, लेक जमिनीवर आडवा झाला, आणि आत गेल्यावर कळलं की मानसतज्ज्ञ रजेवर. दुसऱ्या वेळी आम्ही सुक्या पोह्यांचा डबा, त्याची आवडती दोरी आणि मामाला घेऊन गेलो. मामाचं काम एकच: रांगेत उभं राहायचं. आम्ही बाहेर पिंपळाच्या पारावर बसलो. नंबर आला की मामाचा फोन. हे सांगण्याइतकं मोठं नाही असं वाटेल, पण सगळी फेरी त्यावर अवलंबून असते.

तपासताना मूल शांत बसलं म्हणून "तसा बरा आहे हो" असं म्हणू नका. आईच्या तोंडून ते सहज निघतं. घरी रोज काय होतं तेच सांगा. दात कोण घासतं, शी-शूचं सांगतो का, रस्ता ओलांडू शकतो का. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ असतील तर दाखवा.

प्रमाणपत्र हातात आलं की तीन गोष्टी तपासा: नाव, टक्केवारी, मुदत. लहान वयात ते बहुधा तात्पुरतं असतं, ठरावीक वयाला पुन्हा तपासणी होते. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सहा महिने आधी हालचाल सुरू करा. टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. हे कार्ड देशभर चालतं, बदलीची नोकरी असेल तर दर राज्यात नवं काढावं लागत नाही. आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. "साहेबांना सांगून टक्के वाढवून देतो" म्हणणारा रुग्णालयाच्या गेटवर हमखास भेटतो.

५. शेजार आणि बिल्डिंग

कागदांचं काम कधी ना कधी संपतं. शेजाऱ्यांबरोबर रोज राहायचं असतं.

आमचा लेक लिफ्टमध्ये शिरला की सगळ्या मजल्यांची बटणं दाबायचा. दिवे पेटलेले बघायला त्याला आवडतात. सहाव्या मजल्यावरचे एक काका दर वेळी जोरात बोलायचे. "वळण नाही लावलं" हे शब्द मी जिन्यात ऐकले आहेत. मी लिफ्ट सोडली आणि दोन वर्षं त्याला कडेवर घेऊन जिना चढले. ती माझी चूक होती. आम्ही दिसेनासे झालो, आणि जे दिसत नाही त्याच्याबद्दल लोक वाट्टेल ते ठरवतात.

मग मी एक एक माणूस धरला. सोसायटीच्या सभेत भाषण केलं नाही. अशा सभेत दया मिळते आणि विषय पार्किंगकडे वळतो. मी वॉचमन काकांपासून सुरुवात केली. त्यांना सांगितलं, "हा एकटा खाली आला तर ओरडू नका, हात ओढू नका. फक्त गेटमध्ये उभे राहा, 'घरी चल' म्हणा आणि मला फोन लावा." नंबर केबिनमध्ये चिकटवला. पुढच्याच महिन्यात तो खरोखर एकटा खाली गेला. काकांनी अगदी सांगितलं तेवढंच केलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते त्याच्यासमोर पंजा धरतात आणि तो टाळी देतो.

लिफ्टवाल्या काकांनाही काम दिलं. "तुम्ही आत असाल तर त्याला म्हणा, 'फक्त सहा.' मीही घरी तेच शिकवतेय." पहिल्या वेळी ते अवघडले. तिसऱ्या-चौथ्या वेळी लेकाने नुसतं सहा दाबलं, मग आमचं चार, आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. काका मला म्हणाले, "शिकतो की हा!" मला इतकी वर्षं हेच तर सांगायचं होतं. ते माझ्या सांगण्याने झालं नसतं.

आणि गणपती. आरतीला झांजा वाजल्या की तो कान दाबून किंचाळायचा. एका वर्षी एक वहिनी म्हणाल्या, "त्याला आत ठेवा ना, त्यालाच त्रास होतो." बोलल्या मायेनेच, पण घरी येऊन मी खूप रडले. पुढच्या वर्षी मंडळाच्या पोरांना विचारलं, दुर्वांच्या जुड्या आमच्याकडे देणार का? त्याला मोजायला आवडतं. दुपारभर तो दुर्वा निवडत बसला. एकवीस, दोरा. एकवीस, दोरा. माझ्या हातून एक जुडी वीसची झाली, ती त्याने सोडली, एक दुर्वा घातली आणि पुन्हा माझ्या हातात बांधायला दिली. आरतीच्या वेळी तो दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर कानाला हेडफोन लावून बसला होता. खालून एक पोरगा ओरडला, "दुर्वा कुणाकडे आहेत?" आणि तीन-चार जणांनी आमच्या लेकाचं नाव घेतलं. गेली पाच वर्षं दुर्वा आमच्याकडेच असतात.

यातून जे उरलं ते असं: मूल कशात रमतं ते बघा आणि त्यातलं एक काम लोकांमध्ये न्या. ते काम खरं हवं. कौतुकापुरतं, उगाच हातात दिलेलं काम मुलालाही कळतं आणि लोकांनाही.

लग्नकार्यात जायचंच, पण स्वतःच्या बेताने. मुहूर्ताच्या गर्दीत जाऊ नका, अर्धा तास आधी जा, यजमानांना आधी फोन करून एखादी शांत खोली विचारून ठेवा. पंगतीत पहिल्या फेरीला बसा. दीड तासात निघा. "इतक्यात निघालात?" ला उत्तर देत बसू नका.

कुणी मुद्दाम अपमान केला, चारचौघांत हिणवलं, तर कायदा आहे. २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमात सहा महिने ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. ते माहीत असावं. पण आपल्या जिन्यातल्या बहुतेक लोकांना फक्त काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. त्रास देणारा आणि गोंधळलेला यांतला फरक तुम्हाला चार दिवसांत कळतो.

६. शाळा

सहा ते अठरा वर्षांपर्यंत, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांच्या ऑनलाइन प्रवेशात महाराष्ट्रात दिव्यांग मुलं वंचित गटात मोडतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे शाळाच सांगत नाहीत. या प्रवेशाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून चौथी पायरी आधी.

नेहमीची शाळा की विशेष शाळा, यावर लोक भांडतात. मी भांडत नाही. आमचा लेक चौथीपर्यंत नेहमीच्या शाळेत होता, आता विशेष शाळेत आहे, आणि दोन्ही निर्णय त्या त्या वेळी बरोबर होते. मूल सकाळी बूट आणतं का, आणि घरी आल्यावर किती वेळाने शांत होतं, हे बघा.

"आमच्याकडे सोय नाही हो, तुमच्या मुलाचंच नुकसान होईल" हे गोड वाक्य आम्ही पाच शाळांत ऐकलं. वाद घालू नका. शांतपणे म्हणा, "हे मला लेखी द्या." बहुतेक ठिकाणी तिथेच बोलणं बदलतं. नाही बदललं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, त्याची पोच, आणि तरीही नाही झालं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार.

समग्र शिक्षा अभियानात तालुक्याला विशेष शिक्षक आणि विशेष तज्ज्ञ नेमलेले असतात. शाळेने बोलावलं तर ते येतात, मूल शाळेत जाऊच शकत नसेल तर घरी येऊन शिकवायचीही तरतूद आहे. मुख्याध्यापकांना पत्र द्या. दहावीला जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सवलत मिळते, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत जावा लागतो. नववीतच विचारा.

वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी एक पान लिहून द्या. आजाराची माहिती त्यात नको. आमच्या पानावर पाच ओळी होत्या: घंटेच्या आधी त्याला सांगा. दोन शब्दांत सूचना द्या. चिडला तर बोलू नका, पाण्याची बाटली पुढे करा. खिडकीजवळ बसवू नका. फळा त्याला पुसू द्या. शेवटच्या ओळीमुळे वर्गातली मुलं त्याच्यापाशी आली, कारण डस्टर त्याच्याकडे असायचं.

७. पैशांचं थोडक्यात

निरामय आरोग्य विमा: नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता यांच्यासाठी. वर्षाला १ लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. ट्रस्टकडे नोंदणीकृत असलेल्या स्थानिक संस्थेमार्फत अर्ज होतो. दर वर्षी नूतनीकरण विसरू नका. बिलावर मुलाचं नाव, तारीख आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक नसेल तर दावा अडकतो.

आयकर: जुन्या कररचनेत पालकांना ८०डीडीखाली ७५ हजार, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजारांची वजावट.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका: स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अर्ज केल्याशिवाय आपलं नाव यादीत येत नाही. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा.

एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत. रेल्वेत एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्यालाही सवलत आहे, त्याची चौकशी आपल्या विभागाच्या रेल्वे कार्यालयात करा.

सरकारी नोकरीत असाल तर सेवापुस्तकात मुलाची नोंद आत्ताच करून घ्या. पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी ती लागते.

८. आपल्यासारखे आईबाप शोधा, आणि धाकटीकडे बघा

थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर मला जे शिकायला मिळालं ते आत मिळालं नाही. कुठल्या दंतवैद्याकडे अशा मुलांचे दात काढतात, कुठला न्हावी घरी येतो, मुलगी वयात येताना पॅड कसं शिकवायचं. व्हॉट्सॲपवर पाच जणींचा गट करा. महिन्यातून एकदा बागेत भेटा, मुलांसकट. पाच कुटुंबं एकत्र असली की लोकांच्या नजरा बोचत नाहीत. आणि आळीपाळीने एकमेकींची मुलं दोन तास सांभाळा. आमच्या गटात गुरुवार माझा मोकळा असतो. पहिल्या गुरुवारी मी नुसती झोपले.

बापांना या गटात ओढून आणा. ते बोलत नाहीत, पण दुसऱ्या बापाशेजारी उभे राहतात, तेवढंही पुष्कळ असतं. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

धाकटं भावंड असेल तर आठवड्यातला एक तास फक्त त्याचा ठेवा. आमच्या लेकीने सातव्या वर्षी विचारलं, "मोठी झाल्यावर दादाला मीच सांभाळायचं का?" मी म्हटलं, "नाही. ते आमचं काम आहे, आणि आम्ही त्याची सोय करतोय." मग खरोखर करावी लागली. पुढची पायरी त्याचीच.

९. अठरा वर्षांच्या आधी

मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान. मग स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या बँक खात्यावर, मालमत्तेवर आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. तिच्याकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. कोर्टात जावं लागत नाही. समितीवर नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या एका संस्थेचा प्रतिनिधी असतो, अर्ज भरायला तिथूनच मदत मिळते.

आम्हाला अजून चार वर्षं आहेत, पण तयारी सुरू केली आहे. मृत्युपत्र केलं. त्याच्या नावावर थेट घर न ठेवता काय करायचं ते वकिलांशी बोलून घेतलं. आमच्यानंतर पालक म्हणून कुणाचं नाव द्यायचं यावर घरात तीनदा बसलो. मामाने स्वतःहून हात वर केला, तोच मामा, रांगेत उभा राहणारा. आम्ही त्याला लगेच हो म्हटलं नाही. आता दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार लेक त्याच्या घरी राहतो. पहिल्या महिन्यात रात्री अकराला मामाचा फोन आला, "दोरी कुठली द्यायची, पांढरी की हिरवी?" हिरवी, मी सांगितलं. आता तो विचारत नाही.